कार्डांच्या संग्रहाची किंमत ऑनलाइन कशी बघायची? कोल्हापूरच्या संग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात फुटबॉल आणि क्रिकेटचा नाद घरोघरी आहे, त्यामुळे खेळाडूंच्या कार्डांचे डबेही घरोघरी आहेत. शाळेत असताना जमवलेले, माळ्यावर टाकलेले, आता साफसफाईत सापडलेले. "याचे किती येतील हो?" हा प्रश्न शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत सगळीकडून येतो. त्याची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

किंमत म्हणजे नेमकी कुठली धरायची?

झालेल्या विक्रीची. दुसरी कुठलीच नाही.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा शेतकऱ्याच्या मनात काय दर होता ते पट्टीवर कुणी लिहीत नाही. ज्या दराला माल गेला तोच दर लिहिला जातो. कार्डांचंही तसंच आहे. ईबे या परदेशी खरेदी-विक्रीच्या साइटवर कुणीही कुठल्याही कार्डाला हजार डॉलर मागू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. म्हणून शोध घेतल्यावर डावीकडच्या गाळण्यांमध्ये जाऊन 'सोल्ड आयटम्स' निवडा, मगच आकडे बघा. मोबाईलवर हा पर्याय 'फिल्टर'मध्ये खाली दडलेला असतो. यात साधारण गेल्या 90 दिवसांतल्या विक्री दिसतात.

इथेही एक गोम आहे. विक्रेत्याने घासाघीस करून कमी पैशांत कार्ड दिलं असेल, तर ईबेवर त्याने मुळात मागितलेली रक्कम खोडलेली दिसते आणि प्रत्यक्षात किती मिळाले ते दिसत नाही. खोडलेला आकडा कधीही हिशोबात धरू नका. '130 पॉइंट' नावाची मोफत साइट आहे, तिथे अशा व्यवहारांची खरी रक्कम बहुतेक वेळा सापडते.

तीन विक्री दिसल्या, तिन्हींचे आकडे वेगळे. मग?

मधला घ्या. सरासरी काढू नका, कारण एखादा वेडावाकडा आकडा सगळी सरासरी ओढून नेतो. समजा 38, 41 आणि 90 डॉलर असे तीन आकडे आहेत. सरासरी 56 च्या पुढे जाते, पण त्या भावाला खरं तर कुणीच घेतलेलं नाही. मधला आकडा 41, आणि तोच बाजाराच्या जवळचा. 90 वालं कार्ड उघडून बघितलंत तर बहुतेक वेळा ते वेगळंच निघतं: क्रमांक टाकलेलं, सही असलेलं किंवा ग्रेड केलेलं, म्हणजे कंपनीने तपासून 1 ते 10 मध्ये दर्जा दिलेलं.

माझं कार्ड नेमकं कोणतं आहे हे कसं ओळखू?

निम्म्याहून जास्त घोळ इथेच होतो. कार्ड उलटा. मागच्या बाजूला कार्डाचा क्रमांक असतो आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि वर्ष. खेळाडूची आकडेवारी ज्या हंगामापर्यंत दिली आहे तो हंगाम आणि छपाईचं वर्ष यांत एक वर्षाचा फरक असू शकतो, त्यामुळे तळाची ओळ नीट वाचा. मग 'ट्रेडिंग कार्ड डेटाबेस'वर त्या संचाची यादी उघडा. ही साइट मोफत आहे, संग्राहकांनीच भरलेली आहे आणि तिथे पुढचे-मागचे फोटोही असतात.

त्यानंतर बघायचं ते पॅरलल. एकाच छायाचित्राचं कार्ड साधं असतं, चंदेरी चमकीचं असतं, लाल किंवा निळ्या किनारीचं असतं, आणि काहींवर 23/99 असा क्रमांक छापलेला असतो, म्हणजे एकूण 99 पैकी तेविसावं. साध्या आणि क्रमांकित कार्डाच्या किमतीत दहापट-वीसपट अंतर पडू शकतं. कार्ड उजेडात तिरकं करून बघा. इंद्रधनुष्यासारखी झाक फिरली तर ते साधं नसण्याची शक्यता मोठी.

कुठलं ॲप घेऊ?

सुरुवातीला कुठलंच विकत घेऊ नका. 'कोलएक्स'मध्ये कॅमेऱ्याने कार्ड टिपलं की नाव आणि अंदाजे किंमत येते, आणि पाच-पन्नास कार्डांची पहिली चाळणी लावायला ते पुरेसं आहे. पण पॅरलल ओळखण्यात अशी ॲप्स चुकतात, म्हणून दाखवलेलं नाव स्वतः तपासल्याशिवाय किंमत मान्य करू नका. 'स्पोर्ट्सकार्ड्सप्रो'वर साधी, ग्रेड 9 आणि ग्रेड 10 अशा किमती शेजारी-शेजारी दिसतात, ते फार सोयीचं आहे. 'कार्ड लॅडर' आणि 'मार्केट मूव्हर्स' यांत जुन्या विक्रीचे आलेख मिळतात, मात्र पूर्ण माहितीसाठी महिन्याचं शुल्क आहे. ते भरण्याइतका संग्रह कोल्हापुरात फार थोड्यांकडे आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर घ्यावं.

क्रिकेटची कार्डं कुठल्याच ॲपमध्ये सापडत नाहीत. माझं चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. हे सगळे किंमतदर्शक अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलभोवती उभे राहिले. मागून युरोपातला फुटबॉल आला. क्रिकेट अजून दारातच आहे.

आपल्याकडची क्रिकेटची कार्डं ढोबळमानाने तीन थरांत बसतात. पहिला थर आपल्या लहानपणचा: बबलगमसोबत मिळणारी चित्रं आणि आयपीएलची 'क्रिकेट अटॅक्स'. ती लाखोंनी छापली गेली आणि आपण सगळ्यांनी ती खिशात कोंबून, रबर लावून, मधल्या सुट्टीत खेळून झिजवली. यातल्या बहुतेकांना बाजारभाव नाही. पूर्ण संच, न उघडलेली पाकिटं किंवा कोरी करकरीत राहिलेली मोठ्या खेळाडूंची कार्डं, एवढ्यांनाच गिऱ्हाईक मिळतं. दुसरा थर परदेशी कंपन्यांचा. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात 'फ्युचेरा'ने काढलेली कार्डं यात येतात, आणि त्यातल्या सचिन तेंडुलकर, शेन वॉर्न, ब्रायन लारा यांच्या कार्डांना आजही मागणी आहे. तिसरा थर फार जुना. इंग्लंडच्या विल्स कंपनीने 1896 मध्ये सिगारेटच्या पाकिटातून 50 क्रिकेटपटूंचा संच काढला, आणि त्यात रणजितसिंहजीही आहेत. अशा कार्डांचे भाव इंग्लंडमधल्या लिलावांत कळतात, ॲपमध्ये नाही.

क्रिकेटच्या कार्डांसाठी म्हणून पद्धत बदला. अमेरिकेच्या ईबेसोबत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या ईबेवरही विकलेल्या वस्तू शोधा. कार्ड वर्षातून एखाद-दोनदाच विकलं जात असेल तर एक ठाम किंमत लिहू नका. 'कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, शेवटची विक्री अमुक महिन्यात' असं लिहा. ठाम आकड्यापेक्षा हे जास्त खरं आहे.

आणि फुटबॉलची? वर्ल्ड कपच्या वेळी तर इथे गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिना असतं.

फुटबॉलच्या बाबतीत काम सोपं आहे, कारण विक्री भरपूर होते. फक्त दोन जाती वेगळ्या ठेवा. दुकानात मिळणारी 'ॲड्रेनलिन एक्सएल' किंवा 'मॅच अटॅक्स' ही खेळायची कार्डं आहेत. मेस्सीचं असलं तरी साध्या कार्डाला फारसे पैसे येत नाहीत, मर्यादित आवृत्तीला थोडे येतात. 'प्रिझम', 'टॉप्स क्रोम' यांसारखी चकचकीत कार्डं संग्राहकांसाठीच काढलेली असतात. पानिनी कंपनीने वर्ल्ड कपसाठी प्रिझम पहिल्यांदा 2014 मध्ये काढलं, म्हणून त्या संचातल्या मेस्सी, नेमार, रोनाल्डोला आजही चांगली मागणी आहे. मेस्सीचं पहिलं कार्ड म्हणून सगळे ज्याच्यामागे असतात ते 2004-05 च्या स्पॅनिश 'मेगाक्रॅक्स' संचातलं आहे. ते माळ्यावरच्या डब्यात सापडल्याचं कुणी सांगितलं, तर आधी नक्कल असल्याचं गृहीत धरून तपासणी सुरू करा.

वर्ल्ड कपच्या स्टिकरांची गोष्ट वेगळी. पानिनी 1970 च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून ती काढते. चिकटवलेल्या सुट्या स्टिकरला भाव नाही, पण पूर्ण भरलेल्या जुन्या वहीला आहे. वहीतून स्टिकर सोलून काढू नका, दोन्ही वाया जातील.

कार्डाची स्थिती घरी कशी तपासायची?

रात्री ट्यूबलाइट बंद करा, टेबललॅम्प एका बाजूला ठेवा आणि कार्ड हातात तिरकं धरून सावकाश फिरवा. समोरून न दिसणारे ओरखडे, छपाईच्या रुळाच्या आडव्या रेघा, बोटांचे ठसे या तिरक्या उजेडात उठून दिसतात. मग भिंगातून चारही कोपरे बघा. मागची बाजू गडद रंगाची असेल तर कोपऱ्यावर पांढरा ठिपका लगेच कळतो. तो कागदाचा गाभा उघडा पडलेला असतो. कडा बोटाने चाचपू नका, नजरेनेच बघा.

शेवटी मध्य. पारदर्शक पट्टीने डावी-उजवी किनार मोजा. डावीकडे 2 मिलिमीटर आणि उजवीकडे 3 भरली, तर ते प्रमाण 40-60 झालं, आणि पीएसए या दर्जा देणाऱ्या कंपनीच्या 10 साठी समोरून साधारण 55-45 च्या आत लागतं. म्हणजे कार्ड नुकतंच पाकिटातून काढलेलं असलं तरी ते 10 नाही. छापतानाच सरकलं आहे, तुमचा दोष नाही, पण किंमत मात्र 10 पेक्षा खालच्या दर्जाचीच लावायची.

आमचं स्पष्ट मत आहे की आपल्या कार्डाला आपण नेहमी एक दर्जा खालचा द्यावा. घरच्या वस्तूकडे डोळा मायेने बघतो.

पीएसएकडे पाठवून ग्रेड करून घेऊ का?

पीएसए 1991 पासून हे काम करते. बेकेट, एसजीसी, सीजीसी याही कंपन्या आहेत. कार्ड तपासून, 1 ते 10 मध्ये दर्जा देऊन, ते कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. या पेटीला सगळे स्लॅब म्हणतात.

कोल्हापुरातून पाठवायचं तर शुल्क, जाण्या-येण्याचा विम्यासह खर्च आणि परत येताना कस्टम्सची शक्यता हे सगळं मिळून एका कार्डामागे चांगलीच रक्कम होते. शिवाय कार्ड महागडं निघालं तर कंपनी वरचा शुल्कगट लावते. म्हणून हिशोब 9 दर्जा धरून करा, 10 धरून नाही. सुट्या कार्डाची किंमत अधिक सगळा खर्च मिळून 9 च्या विक्रीपेक्षा कमी होत असेल, तरच पाठवा. मध्यस्थामार्फत एकत्र खेपेत पाठवत असाल तर प्रत्येक कार्डाचा पुढून-मागून फोटो आणि सही केलेली यादी आधी हातात घ्या.

स्लॅब बघितला की खरा समजायचा का?

नाही. स्लॅबही बनावट येतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका, आणि तिथे फोटो असेल तर तो समोरच्या कार्डाशी ताडून बघा. क्रमांक खरा आणि कार्ड दुसरंच, असंही करतात.

जत्रेत आणि ऑनलाइन मिळणारी सोनेरी फॉइलची मेस्सी-रोनाल्डोची कार्डं?

संग्राहकांच्या बाजारात किंमत शून्य. पोरांना खेळायला द्या.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी 1990 च्या सुमाराची बेसबॉल कार्डं खोकीच्या खोकी दिली आहेत.

त्या काळात, म्हणजे 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1990 च्या सुरुवातीला, अमेरिकेत कार्डं इतकी छापली गेली की आजही बंद खोकी पडून आहेत. बहुतेकांना भाव नाही. तरी खोकी तशीच देऊन टाकू नका. 1989 च्या अप्पर डेक संचातलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड आहे का ते बघा. बास्केटबॉलची असतील तर 1986-87 च्या फ्लीअर संचातलं 57 क्रमांकाचं मायकल जॉर्डनचं कार्ड शोधा. मात्र याच्या नकला अमाप आहेत.

किती दिवसांनी दर बघावे?

तीन महिन्यांनी एकदा पुरे. रोज बघून हाती काही लागत नाही, फक्त मन वरखाली होतं. खेळाडूने शतक ठोकलं किंवा अंतिम सामन्यात गोल केला की आठवडाभर दर फुगतो, मग उतरतो. मोठ्या कार्डांनाही हे चुकत नाही. वर सांगितलेलं जॉर्डनचं कार्ड 10 दर्जात जानेवारी 2021 मध्ये 7,38,000 डॉलरला गेलं, आणि पुढच्या वर्षी त्याच दर्जाचं कार्ड 2 लाख डॉलरच्या आसपास विकलं जात होतं. त्या जानेवारीतला आकडा ज्यांनी आपल्या यादीत कायमचा लिहून ठेवला, त्यांची यादी खोटी ठरली.

स्वतःची यादी कशी ठेवायची?

गूगल शीटमध्ये. ॲप बंद पडतं, मालक बदलतो, शुल्क वाढतं. शीट तुमच्या हातात राहते.

प्रत्येक कार्डाला एक ओळ द्या. वर्ष, कंपनी, संच, कार्ड क्रमांक, खेळाडू, पॅरलल, स्थिती, कुठून आणि कितीला घेतलं, शेवटच्या तीन विक्रीचे आकडे तारखांसह, त्यातला मधला, आणि कार्ड कुठल्या डब्यात आहे. एक नमुना बघा: '2014, पानिनी, प्रिझम वर्ल्ड कप, मेस्सी, साधं, वरचा उजवा कोपरा किंचित पांढरा, मित्राशी बदलून घेतलं, डबा 2'. कोपऱ्याचा तो उल्लेख फार मोलाचा. दोन वर्षांनी विकताना तो तुम्हाला आठवणार नाही, आणि गिऱ्हाइकाला तो पहिल्यांदा दिसेल.

डॉलरचे आकडे डॉलरमध्येच लिहा आणि रुपये शेजारच्या रकान्यात काढा. शीटमधलं 'गूगलफायनान्स' सूत्र चलनाचा दर आपोआप आणतं. हे वेगळं ठेवलं नाही तर रुपया घसरल्यामुळे वाढलेला आकडा कार्डाचा भाव वाढल्यासारखा वाटतो.

हजार रुपयांच्या खालची कार्डं एकेक करून लिहीत बसू नका. 'क्रिकेट अटॅक्स, अंदाजे दोनशे, एकगठ्ठा' अशी एक ओळ बस्स.

शीटमध्ये 3,400 रुपये दिसतात. तेवढे हातात येतील?

येणार नाहीत. समजा कार्ड 40 डॉलरला विकलं आणि डॉलर 85 रुपये धरला, तर झाले 3,400. ईबेचं शुल्क 13 टक्क्यांच्या आसपास धरा, 442 गेले. उरले 2,958. त्यातून नोंद असलेलं परदेशी टपाल आणि पॅकिंग मिळून हजार रुपये गेले असं समजलं, तर हातात दोन हजारांच्या आत राहतात. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढून घेतली आहे, त्यामुळे तिकडे पाठवण्याआधी टपाल कार्यालयात आजचा नियम आणि आजचा दर विचारा, मगच किंमत लावा. शीटमध्ये 'हातात येणारे' असा एक रकाना कराच.

भारतातल्याच संग्राहकाला थोडं कमी घेऊन विकलं तरी पुष्कळदा तेवढेच पडतात, आणि कार्ड हरवण्याची धास्ती नसते. लहान कार्डांसाठी आमचा कौल यालाच आहे.

कर लागतो का?

नफ्यावर लागू शकतो, आणि तुम्ही छंद म्हणून विकता की धंदा म्हणून, यावर बरंच अवलंबून आहे. खरेदीच्या पावत्या ठेवा आणि रक्कम मोठी असेल तर विकण्याआधी सीएंना भेटा.

इथल्या पावसात कार्डं टिकवायची कशी?

कोल्हापूरच्या संग्राहकाने दरांपेक्षाही याकडे जास्त लक्ष द्यावं. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की चकचकीत कार्डं धनुष्यासारखी वाकतात, आणि वाकलेल्या कार्डाचा भाव उतरतो. आधी पातळ प्लॅस्टिकचं पाकीट, मग टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कव्हर, मग घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या पावसाळ्यात दोन-तीनदा बदला. जुन्या मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये कार्डं चिकटतात, त्यातून ती आजच काढा. रबर तर अजिबात नको. डबा बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर ठेवू नका.

2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नदीच्या बाजूला घर असेल, तर राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे निघाल्याची बातमी आली की डबा वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे हलवा. धोक्याच्या 43 फुटांची वाट बघू नका. महत्त्वाच्या कार्डांचे पुढून-मागून फोटो क्लाउडवर ठेवा. घराचा विमा असेल तर संग्रहाच्या वस्तू त्यात धरल्या आहेत का ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मुलगा शाळेत कार्डं बदलतो. त्याला किमती सांगाव्यात का?

सांगाव्यात, पण सगळ्या नाहीत. एखादं कार्ड खरोखर मोलाचं असेल तर ते शाळेत नेऊ नकोस, एवढं सांगा आणि बाकीची मोकळेपणाने खेळू द्या. समोरच्या पोराकडचं महागडं कार्ड माहीत असूनही स्वस्तात बदलून घेतलं, तर ते परत करायला लावा. त्याच्या घरच्यांनाही फोन करून सांगा.

जुनी सामन्याची तिकिटं, कुस्तीची पत्रकं, सही केलेले फोटो यांची किंमत कुठे मिळेल?

ॲपमध्ये मिळणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांच्या सामन्यांची जुनी तिकिटं, खासबाग मैदानातल्या कुस्त्यांची पत्रकं, 1948-49 च्या रणजी हंगामात पुण्यात नाबाद 443 धावा करणाऱ्या भाऊसाहेब निंबाळकरांची सही, हेलसिंकीला 1952 मध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचा जुना फोटो: अशा वस्तूंची तुलना करायला झालेली विक्रीच क्वचित सापडते. त्यांना शीटमध्ये वेगळं पान द्या आणि किमतीचा रकाना रिकामा ठेवा. त्याऐवजी वस्तू कुणाकडून आली, त्यांनी ती कधी आणि कुठे मिळवली, सही समोर घेतली होती का, हे त्यांच्याच तोंडून ऐकून तारखेसह लिहा. जमलं तर मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करा. उद्या लिलावात किंवा संग्रहालयात वस्तू गेली तर पहिला प्रश्न हाच येईल, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कार्डांचे दर पुढच्या महिन्यात बघितले तरी चालतील, त्यांच्याकडे या रविवारी जा.